‘सॉकर’ म्हणताच इंग्रज नाक का मुरडतो?

२९ जून १९५० हा दिवस इंग्लंडच्या क्रीडाजीवनात दुहेरी मानहानीचा ठरला. त्या दिवशी लॉर्ड्सच्या मैदानावर रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या दोन तरुण फिरकी गोलंदाजांच्या बळावर वेस्ट इंडीजने इंग्लंडला ३२६ धावांनी हरविले. आणि त्याच दिवशी ब्राझीलमधील बेलो होरिझोंते या शहरी, जागतिक फुटबॉल स्पर्धेत, अमेरिकेच्या संघाने इंग्लंडचा एक विरुद्ध शून्य असा पराभव केला. पहिला पराभव इंग्रजांनी यथावकाश पचविला. वेस्ट इंडीजचे खेळाडू पुढे इंग्रज प्रेक्षकांच्या प्रेमाचा विषय झाले. दुसऱ्या पराभवाचे काय करावे, हे मात्र पाऊणशे वर्षे लोटली तरी त्यांना उमगलेले नाही.

इंग्लंडच्या संघात त्या दिवशी बिली राइट, टॉम फिनी, मॅनियन, मॉर्टेन्सेन यांच्यासारखे नामांकित व्यावसायिक खेळाडू होते. सोळा वर्षांनी प्रशिक्षक या नात्याने इंग्लंडला विश्वविजेतेपद मिळवून देणारे आल्फ रॅम्झी हेही त्यांत होते. अमेरिकेचा गोलरक्षक बोर्गी हा शववाहिका चालवीत असे. कीओ टपालखात्यात होता. वॉल्टर बार हा शाळामास्तर होता. गोल करणारा जो गाय्तजेन्स मूळचा हैतीचा. तो न्यूयॉर्कला हिशेबशास्त्र शिकण्यासाठी आला होता आणि एका उपाहारगृहात बशा धुऊन खर्च भागवीत होता. (पुढे मायदेशी परतलेल्या या माणसाला १९६४ साली हैतीच्या हुकूमशहाच्या हस्तकांनी पकडून नेले आणि तो पुन्हा कोणालाही दिसला नाही. फुटबॉलच्या इतिहासात त्याच्या गोलाची गोष्ट रंगवून सांगितली जाते, त्याच्या शेवटाची क्वचितच.)

हा पराभव निव्वळ अपघात होता, असे इंग्रज म्हणतात आणि एका सामन्यापुरते ते खरेही असेल. १९६४ साली न्यूयॉर्क येथे इंग्लंडने अमेरिकेवर दहा गोल चढविले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु १९९३ साली बॉस्टनजवळच्या मैदानावर अमेरिकेने इंग्लंडला पुन्हा दोन गोलांनी हरविले. विश्वचषकात हे दोन संघ १९५० नंतर २०१० साली आणि २०२२ साली समोरासमोर आले, त्या दोन्ही वेळा बरोबरी झाली. म्हणजे २०२२ पर्यंतच्या तीन विश्वचषक सामन्यांत इंग्लंडला अमेरिकेवर एकदाही विजय मिळविता आला नव्हता. ज्याला आपण विश्वचषकात हरवू शकलो नाही त्याला खेळातले काही कळत नाही असे म्हणत राहणे, यासाठी आत्मविश्वास फार लागतो.

या तुच्छतेचा रोख अमेरिकन खेळाडूंपेक्षा अमेरिकन प्रेक्षकावर अधिक आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. इंग्रजांच्या लेखी हा प्रेक्षक म्हणजे नवश्रीमंताच्या घरचा दिवाणखाना: सगळे विकत आणलेले, मुरलेले काहीच नाही. त्याची गाणी उसनी, गळ्यातला मफलर उसना, मैदानावरचा उत्साह जाहिरातीतल्यासारखा. त्याला सामना बरोबरीत सुटलेला चालत नाही. पोर्टलंड येथे घरच्या संघाने गोल केला की भर मैदानात यांत्रिक करवतीने ओंडक्याचा काप काढतात. लाकूडतोड हा त्या प्रदेशाचा जुना धंदा असल्याने तेथील लोकांना या प्रथेत काही विपरीत वाटत नाही, पण इंग्रज वृत्तपत्रांना थट्टेसाठी तेवढे पुरते. त्या बिचाऱ्याची खरी कोंडी भाषेत होते. तो आपल्या सवयीचे शब्द वापरू लागला तर अडाणी ठरतो आणि इंग्रजांचे शब्द उचलू लागला तर सोंगाड्या. २०१६ साली बॉब ब्रॅडली हे इंग्लिश प्रीमियर लीगमधील स्वान्सी या वेल्श क्लबचे प्रशिक्षक झाले. त्या लीगमधील ते पहिले अमेरिकन प्रशिक्षक. पेनल्टीला त्यांनी अमेरिकन पद्धतीने ‘पीके’ म्हटले, परगावच्या सामन्याला ‘रोड गेम’ म्हटले, यावरून केवढा गदारोळ उठला! अकरा सामन्यांनंतर त्यांना काढून टाकण्यात आले. संघ खराब खेळत होता, हे कारण पुरेसे होते. परंतु चर्चा रंगली ती त्यांच्या शब्दांचीच.

आणि सगळ्यांत मोठा अपराध म्हणजे ‘सॉकर’ हा शब्द. वस्तुतः हे अपत्य अस्सल इंग्रज आहे. १८६३ साली लंडनमधील एका खानावळीत काही क्लबांच्या प्रतिनिधींनी फुटबॉल असोसिएशनची स्थापना केली. त्या असोसिएशनच्या नियमांनी खेळला जाणारा तो ‘असोसिएशन फुटबॉल’ आणि रग्बी या शाळेच्या नियमांनी खेळला जाणारा तो ‘रग्बी फुटबॉल’. शब्दांची मोडतोड करून त्यांना ‘अर’ हा प्रत्यय लावण्याची खोड ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना होती. रग्बीचे ‘रगर’ झाले, असोसिएशनचे ‘सॉकर’ झाले. इंग्लंडमध्ये हा शब्द विसाव्या शतकातही बराच काळ सुखाने नांदत होता. १९६० साली लंडनहून निघालेल्या मासिकाचे नाव ‘वर्ल्ड सॉकर’. मँचेस्टर युनायटेडचे थोर व्यवस्थापक मॅट बझ्बी यांच्या १९७३ मधील आत्मकथनाच्या नावातही ‘सॉकर’ आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणी देशद्रोही म्हटल्याचे ऐकिवात नाही. मिशिगन विद्यापीठातील क्रीडाव्यवस्थापनाचे प्राध्यापक स्टीफन शिमान्स्की यांनी या शब्दाच्या वापराचा मागोवा घेतला आहे. १९८० च्या सुमारास इंग्रजांनी तो टाकून द्यावयास सुरुवात केली आणि ती अमेरिकेत तो सर्वतोमुखी झाल्यामुळेच, असा त्यांचा निष्कर्ष आहे. थोडक्यात, जुने धोतर शेजाऱ्याने नेसलेले पाहून मालकाला त्याची लाज वाटू लागली, असा हा प्रकार आहे.

अमेरिकेत हा शब्द घरोघरी पोचविला तो १९६८ ते १९८४ या काळात चाललेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने. १९७५ साली पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात दाखल झाले. (हाच संघ घेऊन पेले सप्टेंबर १९७७ मध्ये कलकत्त्याला मोहन बागानविरुद्ध खेळून गेले.) इंग्लंडचे बॉबी मूर, उत्तर आयर्लंडचा जॉर्ज बेस्ट, अपघातात एक डोळा गमावलेले गॉर्डन बँक्स, असे अनेकजण उतारवयात तिकडे गेले. इंग्रज वृत्तपत्रांनी या लीगची मनसोक्त टवाळी केली. कृत्रिम गवत, खेळाडूंच्या पाठीवर त्यांची नावे, सामना बरोबरीत सुटला की पस्तीस यार्डांवरून एकट्या गोलरक्षकावर चालून जाण्याची ती चमत्कारिक शर्यत! यांतील शेवटची कल्पना खरोखरच निरर्थक होती. पण इतर गोष्टींचे काय झाले? क्वीन्स पार्क रेंजर्स या लंडनच्या क्लबने १९८१ मध्ये कृत्रिम गवत अंथरले. १९९३ पासून प्रीमियर लीगच्या खेळाडूंच्या पाठीवर नावे आली. कुटुंबासह येऊन खुर्चीवर बसून सामना पाहणारा अमेरिकन प्रेक्षक हा त्या काळी विनोदाचा विषय होता. हिल्सबरो येथे एप्रिल १९८९ मध्ये गर्दीत चिरडून ९७ पाठीराख्यांचे प्राण गेले, आणि त्यानंतरच्या टेलर अहवालाने इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची देणे भाग पाडले.

येथपर्यंतचा भाग मानवी स्वभावाचा झाला. परंतु इंग्रजांच्या आक्षेपात एक गंभीर गाभा आहे आणि तो अर्थव्यवस्थेचा आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल ही वर-खाली जाण्याची शिडी आहे. वरच्या श्रेणीत तळाला गेलेला क्लब खाली घसरतो, खालचा वर चढतो. कचेरीत ज्यांनी बढती-पदावनतीचे खेळ पाहिले आहेत त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावयास नको. फरक एवढाच, की येथे गोपनीय अहवाल नसतो, गुणतक्ता भिंतीवर लावलेला असतो. ल्यूटन हा क्लब २००९ साली घसरत घसरत पाचव्या श्रेणीत गेला होता, तो २०२३ साली प्रीमियर लीगमध्ये पोचला. तेथे त्याला एकच वर्ष टिकता आले ही गोष्ट निराळी. अमेरिकेची मेजर लीग सॉकर १९९६ पासून खेळविली जाते. तिच्यात घसरण नाही आणि चढणही नाही. खेळाडूंचे करार क्लबशी नव्हे तर लीगशी होतात, पगारावर मर्यादा आहे, आणि नव्या क्लबला प्रवेश हवा असेल तर गुणवत्ता नव्हे, प्रवेशमूल्य मोजावे लागते. सॅन डिएगोने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून २०२५ च्या हंगामात तिसावा संघ म्हणून प्रवेश मिळविला. मुक्त स्पर्धेचा जयघोष करणाऱ्या देशात खेळाचा कारभार मात्र मक्तेदारांच्या संघाने चालवावा, आणि जेथे मजूर पक्ष अनेकदा सत्तेवर आला त्या देशात खेळ निर्दय स्पर्धेवर सोडावा, असा हा विरोधाभास आहे.

बंद लीगमुळे हानी होते, यात शंका नाही. हरण्याची शिक्षा नसेल तर मालकाला चांगला संघ बांधण्याची निकड उरत नाही. लहान गावातील क्लबाला आशा उरत नाही. शिवाय अमेरिकेत मुलांना चांगले फुटबॉल शिकावयाचे तर आईबापांना मोठी फी भरावी लागते. जगभर जो खेळ गरिबाच्या पोराचा, तो तेथे मध्यमवर्गाचा झाला आहे. इंग्रजांनी टीका करावी ती यावर. पण यावर फार थोडे लिहिले जाते, कारण ‘सॉकर’ या शब्दावर हसणे सोपे असते.

तथापि ही खुली शिडी म्हणजे इंग्लंडची सनातन परंपरा, आणि बंद दरवाजा ही अमेरिकेतून आलेली रोगराई, असे जे मांडले जाते ते इतिहासाला धरून नाही. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पगारावर १९०१ साली आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली. मर्यादेचा आकडा वाढत गेला, पण मर्यादा १९६१ पर्यंत टिकली. अखेरीस ती वीस पौंडांवर होती. करार संपला तरी क्लबच्या संमतीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. ही पद्धत न्यायालयाने १९६३ साली ईस्टहॅम खटल्यात अन्याय्य ठरविली. आणि शिडीचे म्हणावे, तर फुटबॉल लीगच्या चार श्रेणींच्या आत ती होती खरी, परंतु लीगचे दार १९८७ पर्यंत आपोआप उघडत नसे. तळाशी आलेले क्लब फेरनिवडणुकीला उभे राहत आणि बहुधा त्यांचेच सोबती त्यांना मत देऊन आत ठेवीत. सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

संघ उचलून दुसऱ्या शहरी नेण्याची प्रथा ही तर अमेरिकेची खास ओळख मानली जाते. पण विम्बल्डन हा लंडनचा क्लब ऐंशी किलोमीटरांवरील मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलविण्यास इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या मंडळानेच मे २००२ मध्ये परवानगी दिली. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा नवा क्लब स्थापन केला आणि बऱ्याच खालच्या श्रेणीपासून सुरुवात करून २०११ साली फुटबॉल लीगमध्ये पाऊल ठेवले.

इंग्रज ज्या वेळी अमेरिकन प्रेक्षकाच्या मफलरवर हसत होते, त्याच वेळी अमेरिकन भांडवल पुढच्या दाराने आत येत होते. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातील मोठा हिस्सा कर्जाचा होता आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसविण्यात आले. घर विकत घ्यावे आणि हप्ते मूळ रहिवाशांनी फेडावेत, असा हा व्यवहार होता, आणि कायद्याने त्यात काही गैर नव्हते. पुढे लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी हेही क्लब अमेरिकन मालकांच्या हाती गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले, तेव्हा हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून मैदानाबाहेर गेले. मालकांनी दरवाढ मागे घेतली. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा बड्या क्लबांनी आपली बंदिस्त सुपर लीग जाहीर केली. त्यांत इंग्लंडचे सहा होते. घसरणीची भीतीच नको, हा तिचा मूळ हेतू होता. रस्त्यावर उतरलेल्या पाठीराख्यांनी दोन दिवसांत ती योजना मोडून काढली. हा खेळ अमेरिकन मालकांचा असे त्या वेळी म्हटले गेले. पण बारांपैकी पुढाकार माद्रिद आणि तुरिन येथील क्लबांचा होता आणि सहा इंग्लिश क्लबांपैकी टॉटनहॅमचे मालक इंग्रज होते.

मालकाच्या राष्ट्रीयत्वाने फारसे काही ठरत नाही, याचा दाखला पुण्यानेच दिला आहे. कुक्कुटपालनाच्या धंद्यातील पुण्याच्या उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना क्लब घेतला. महिन्याभरात अनुभवी व्यवस्थापकाला निरोप देण्यात आला, २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून घसरला आणि २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. पाठीराख्यांच्या संतापाला कारण होते. मात्र त्या संतापात मालकाच्या कोंबड्यांवरील विनोदही भरपूर होता. एकदा तर क्लबच्या रंगाचे कापड गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडण्यात आली. अमेरिकनाला त्याच्या शब्दांवरून चिडवावे आणि पुणेकराला त्याच्या धंद्यावरून. यात मालकाचे काही बिघडत नाही. त्याचा ताळेबंद शब्दांनी हलत नाही.

इंग्रज पाठीराख्याला जे सहज दिसावयास हवे ते येथे नजरेआड होते: अमेरिकन मालकाचा पहिला बळी अमेरिकन प्रेक्षकच असतो. आर्सेनलचे मालक स्टॅन क्रॉन्की यांनी २०१६ साली आपला अमेरिकन फुटबॉलचा रॅम्स हा संघ सेंट लुइस या शहरातून उचलून लॉस एंजेलिसला नेला. शहराने खटला भरला आणि २०२१ मध्ये लीग व मालक यांच्याकडून ७९ कोटी डॉलरची तडजोड मिळविली. संघ मात्र परत आला नाही. १९५० साली इंग्लंडला हरविणाऱ्या अमेरिकन संघातले पाच खेळाडू, शववाहिका चालविणारा तो गोलरक्षक धरून, याच सेंट लुइसचे होते. या शहरात ‘सॉकर’ ही परदेशी चूष कधीच नव्हती.

अमेरिकेच्या खेळाला परंपराच नाही, हे विधान महिलांच्या फुटबॉलपुढे तर टिकतच नाही. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहण्यास ५३ हजार लोक जमले होते. पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळण्यास बंदी केली आणि ती पन्नास वर्षे उठविली नाही. प्रेस्टन येथील कारखान्यातल्या मुलींचा डिक-कर हा प्रसिद्ध संघ १९२२ साली अमेरिकेला गेला आणि तेथे पुरुषांच्या संघांशी खेळला. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेतील शिक्षणसंस्थांत मुलींना खेळाच्या समान सोयी देणे बंधनकारक झाले. तेथील महिलांनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असा चार वेळा विश्वचषक जिंकला. इंग्लंडच्या महिलांनी २०२२ साली युरोपचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्यांच्या डच प्रशिक्षक सरीना वीगमन आणि खेळाडू लूसी ब्राँझ, अलेसिया रूसो या तिघीही अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मैदानावर खेळून गेलेल्या होत्या. या बाबतीत थट्टेचा सूर कानी येत नाही.

पाठीराख्यांचा हक्क हा खरा प्रश्न आहे आणि त्या बाबतीत ओहायो राज्यातील कोलंबस शहराचे उदाहरण इंग्लंडमध्ये अधिक माहीत असावयास हवे. मेजर लीगचा पहिल्या हंगामापासूनचा कोलंबस क्रू हा संघ टेक्सासमधील ऑस्टिनला नेण्याचा मनसुबा मालकाने ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रकट केला. अमेरिकन प्रेक्षक हा ग्राहक असतो, पाठीराखा नसतो, असे मानणाऱ्यांच्या हिशेबाने लोकांनी दुसरा संघ निवडून स्वस्थ बसावयास हवे होते. त्यांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, तिकिटांची आश्वासने गोळा केली, आणि राज्याच्या महाधिवक्त्याने न्यायालयात धाव घेतली. सार्वजनिक पैशाची मदत घेतलेल्या संघाने गाव सोडण्यापूर्वी सहा महिन्यांची नोटीस द्यावी आणि तो विकत घेण्याची संधी स्थानिकांना द्यावी, असा कायदा ओहायोने १९९६ मध्ये, क्लीव्हलंडचा संघ बाल्टिमोरला गेल्यानंतर, केलेला होता. अखेर स्थानिक खरेदीदार पुढे आले आणि संघ कोलंबसमध्येच राहिला.

ब्रिटिश पार्लमेंटने जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारासाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा संमत केला. मैदान विकण्यास किंवा क्लब अन्यत्र हलविण्यास आता नियामकाची परवानगी लागेल, अमान्य स्पर्धांत सामील होता येणार नाही, आणि क्लबचे चिन्ह वा गणवेशाचे रंग बदलावयाचे तर पाठीराख्यांना विचारावे लागेल. विम्बल्डन हलविले गेले त्याला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती, आणि ओहायोच्या कायद्याला एकोणतीस.